दोन काचांच्या मधलं पाणी

बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटच्या आसपास जे राहतात त्यांना वेगळं सांगायला नको, गाडी आली की गाडीचा हॉर्न आणि गाडी गेली की गेट उघडायच्या आधीच स्कूटरवाल्यांचे हॉर्न. आमचं घर गेटपासून चालत चार मिनिटं, त्यात पश्चिमेच्या भिंतीला तीन मोठ्या खिडक्या, आणि बेळगावचा पाऊस आडवा येतो तो नेमका त्याच भिंतीवर. सासऱ्यांनी करून घेतलेल्या सागवानी चौकटी होत्या, पावसाळ्यात फुगायच्या, नीट लागायच्या नाहीत, सासूबाई जून ते सप्टेंबर खिडकीखाली जुनी लुगडी पिळून पिळून ठेवायच्या. म्हणून २०२२ च्या फेब्रुवारीत ठरवलं की एकदाच काय तो खर्च करू आणि यूपीव्हीसीच्या (म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या चौकटीच्या) डबल काचेच्या खिडक्या बसवू, आवाज पण कमी आणि पाणी पण बंद.

पाच खिडक्या, शंभर स्क्वेअर फूट, रेट १०५० रुपये, म्हणजे १,०५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १,२३,९००. सत्तर हजार ॲडव्हान्स दिला, बाकीचे ५३,९०० काम झाल्यावर. शोरूमवाला म्हणाला होता की बिल नको असेल तर जीएसटी वाचेल, मी पण दोन दिवस विचार केला, खोटं कशाला सांगू, एकोणीस हजार म्हणजे थोडे नाहीत. नवरा उद्यमबागेत फौंड्रीत क्वालिटीला आहे, तो म्हणाला कागद नाही तर माल नाही. ते एकोणीस हजार पुढे कामाला आले, त्याच्याशिवाय मी आज हे लिहायला बसलेच नसते.

१८ एप्रिल २०२२ ला खिडक्या बसल्या. पहिला पावसाळा झकास गेला. आवाज म्हणाल तर कमी झाला, बंद नाही झाला. दोन्ही काचा एकाच जाडीच्या असल्या की आवाज त्या मानाने कमी अडतो, एक जाड एक पातळ घेतली तर फरक पडतो, हे मला दोन वर्षांनी कळलं, तुम्ही आधीच विचारून घ्या. आमच्या पाच-बारा-पाच होत्या, म्हणजे पाच एमएमची काच, मध्ये बारा एमएमची बंद हवा, परत पाच एमएमची काच.

जुलै २०२३. सकाळी चहा घेताना सासूबाई हॉलच्या खिडकीला फडकं मारत होत्या आणि मारतच होत्या. "अगं, हे जाईना की." मी आतून पुसलं, नवऱ्याने बाहेरून छत्री धरून पुसलं, धुकं जागच्या जागी. बोट फिरवून बघितलं तर दोन्हीकडनं बोट कोरडं. आता हे मी सगळ्यांना सांगते की डबल काचेवर वाफ दिसली की घाबरायच्या आधी बोट फिरवा. आतल्या बाजूला ओलं लागलं तर घरातली दमट हवा आहे, स्वयंपाकघराचा पंखा लावा, खिडकी उघडा. बाहेरच्या बाजूला लागलं तर उलट बरं, घरातली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत जात नाही म्हणून बाहेरचं दव त्यावर बसतंय. दोन्हीकडे बोट कोरडं आणि धुकं तसंच, तर पाणी मध्ये आहे, आणि मधलं पाणी म्हणजे सील गेलं. त्याला फडकं नाही की औषध नाही, काचच बदलायची.

तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. ९ ऑगस्टला शोरूमला व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. "बघतो मॅडम." मग फोन, मग परत फोन, मग गणपती आले, १९ सप्टेंबरला चतुर्थी, त्या दहा-बारा दिवसांत बेळगावात कोण कुणाच्या खिडकीकडे बघतंय. ४ ऑक्टोबरला एक मुलगा आला, दुपारी सव्वा एकला. खिडकी लख्ख! तो माझ्याकडे बघतोय, मी खिडकीकडे बघतेय. गंमत अशी की हे धुकं पहाटे गारव्याला धरतं आणि ऊन तापलं की जिरून जातं, मागे फक्त पांढरट ओघळ राहतात, ते पण तिरकं बघितलं तरच दिसतात. तो म्हणाला, "ओ मॅडम, घरात वाफ हुतीया, काय बी प्रॉब्लेम नाही काचंत." आणि त्याच्या पावतीवर "तक्रार आढळली नाही" असं लिहून माझी सही घेऊन गेला. ती सही मी द्यायला नको होती, द्यावीच लागली तर खाली आपल्या हाताने "पाहणी दुपारी सव्वा एक वाजता, धुकं सकाळी असतं" एवढं लिहायचं होतं. पुढे हीच पावती त्यांनी आमच्यावर काढली.

त्यानंतर नवऱ्याने रोज सकाळी साडेसहाला फोटो काढायचा नेम धरला. खिडकीच्या कोपऱ्यात त्या दिवसाचा तरुण भारत उभा करायचा, तारीख दिसेल असा, आणि काचेवर हात ठेवून क्लिक. मला हसू यायचं, पेपरातलं राशिभविष्य वाचायच्या आधी पेपर खिडकीत. पण १२ डिसेंबरला दुसरी खिडकी, बेडरूमची, गेली तेव्हा हसू बंद झालं. थंडीत सगळी काच दुधासारखी, बाहेरचा आंबा दिसेना. सासूबाई म्हणाल्या, "एवढं काय त्यात, पडदा लाव." त्यांचं पण बरोबर होतं, एवढ्याशा गोष्टीवरून भांडत बसायचं का असं मलाही दहा वेळा वाटलं, शोरूमवाला आमच्याच भागातला, भाजी घ्यायला गेलं की समोर दिसणार.

शोरूमचं म्हणणं असं की काच आमची नाही, कंपनीकडनं तयार येते, त्यांना विचारा. कंपनी बाहेरगावची, त्यांचं म्हणणं काच चांगली असते, बसवण्यात चूक असेल, डीलरला विचारा. मधल्या मधे आम्ही, काचेतल्या पाण्यासारखे. एकदा तर असंही ऐकवलं की बेळगाव उंचावर आहे त्यामुळे होतं. यात थोडं तथ्य असतं, खाली समुद्रसपाटीला बंद केलेलं युनिट घाट चढून वर आलं की आतली हवा फुगते आणि काचा जराशा बाहेर येतात, पण बेळगाव आहे साडेसातशे मीटरवर आणि आमचं युनिट ज्या गावात तयार झालं ते गावही काही समुद्राकाठी नव्हतं. आणि फुगली म्हणून आत पाणी कुठून येणार?

जानेवारी २०२४ मध्ये वडगावातल्या एका काचवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी आधी बर्फाची पिशवी काचेवर दाबून धरली, पाच-सात मिनिटांनी पिशवी काढली आणि तेवढ्याच गोलात आतून धुकं. आतली हवा कोरडी असती तर तिथं काही दिसलं नसतं. ही ट्रिक फार भारी आहे कारण भर दुपारी चालते, मला आधी माहीत असती तर त्या पोराला तिथंच दाखवली असती. मग त्यांनी पट्टी काढून काच बाहेर घेतली आणि आम्हाला बोलावलं, "या, बघा काय करून ठेवलंय."

त्यांनी समजावलं ते असं. दोन काचांच्या मध्ये कडेने ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी असते, तिच्या पोटात पाणी शोषणारे दाणे भरलेले असतात. पट्टी आणि काच यांच्या मध्ये ब्यूटिलचा (चिकट रबरासारखा) एक थर आणि त्याच्या बाहेरून दुसरं सील, पॉलिसल्फाइड नाहीतर सिलिकॉन. पाऊस जोरात असला की थोडं पाणी कुठल्याही चौकटीत शिरतंच, त्यात काही वावगं नाही, म्हणून चौकटीला खाली पाणी जायची भोकं असतात आणि काच तळाला टेकू नये म्हणून खाली प्लॅस्टिकचे पॅकर ठेवतात. आमच्या खिडक्यांना बाहेरची भोकं होती ती बसवणाऱ्यांनी भिंतीची फट भरताना सिलिकॉनने लिंपून टाकलेली, आणि पॅकर एका पण खिडकीत नाही. म्हणजे चार महिने काचेची खालची कड पाण्यात बसलेली. सील भिजून भिजून सुटलं, दाणे पिऊन पिऊन भरले, मग पुढचं पाणी काचेवर. एकाच सीझनमध्ये दिसलं नाही कारण दाण्यांनी वर्षभर झेललं.

नवरा चौकटीत बोट घालून बराच वेळ बसला होता. म्हणाला, "आमच्याकडं असला पीस गेला असता तर मला घरी बसवला असता."

काकांना पाहणीचे १५०० दिले आणि मुद्दाम त्यांच्या लेटरहेडवर तारीख घालून, काय दिसलं तेवढंच लिहून घेतलं, सोबत बिल. काकांना लिहायचा कंटाळा, चार दिवस मागे लागले. भोकं आम्ही लगेच मोकळी केली नाहीत, आहे तशी ठेवली, आधी सगळ्याचा व्हिडिओ काढला. निदान आपली बाजू कागदावर येईपर्यंत तरी हात लावू नका.

२ फेब्रुवारीला शोरूम आणि कंपनी दोघांना एकच ईमेल. उत्तर नाही. २० तारखेला १९१५ ला फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, सतरा भाषांत बोलतात, मराठी पण आहे. तिथल्या मुलीने शांतपणे सगळं लिहून घेतलं, नंबर दिला. पैसे लागत नाहीत. आमचं काम तिथं झालं नाही, कंपनीने "डीलरकडे पाठवलं आहे" एवढंच उत्तर टाकलं, पण पुढे अर्जात ते उत्तर जोडता आलं, म्हणून मी म्हणेन फोन करावाच.

१८ मार्चला दोघांना रजिस्टर्ड एडीने (पोचपावती परत येते त्या पोस्टाने) नोटीस. वकील नाही लावला, मीच लिहिली, दीड पान, तारखा, रक्कम, काय पाहिजे आणि पंधरा दिवसांची मुदत. (२०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टातच धरलंय, त्यामुळे आता पाठवणाऱ्यांनी काउंटरवर पोच पाहिजे म्हणून सांगून पाठवा.) १० एप्रिलला कंपनीचं पत्र आलं: "बसवण्यातील त्रुटींना कंपनी जबाबदार नाही." मला त्या पत्राचा आनंदच झाला, बसवण्यात त्रुटी आहे हे त्यांनीच लिहून दिलं की!

मग जिल्हा ग्राहक आयोग. इथं मी जरा सविस्तर लिहिते कारण मला सगळ्यात भीती इथलीच होती. एक तर कोर्ट म्हटलं की पोटात गोळा, त्यात माझं कन्नड म्हणजे बस आणि भाजीपुरतं. पण २०१९ च्या कायद्यात आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. वकील लागतोच असं नाही. आपण दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. आणि दोष झाल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं, आमची मुदत जुलै २०२५ पर्यंत होती पण मला झोप लागत नव्हती, तारखा मोजत बसायचे.

७ मेला बेळगावचं मतदान झालं, ते होईपर्यंत झेरॉक्सवाला, नोटरी, सगळेच गडबडीत. अर्ज इंग्रजीत लिहिला. घटना तारखेने, एका परिच्छेदात एकच गोष्ट. सोबत बिल, दोन्ही पेमेंटच्या बँकेच्या नोंदी, वॉरंटी कार्ड (काचेवर ५ वर्षं), व्हॉट्सॲपच्या प्रिंट, पेपरवाले फोटो, काकांचा कागद, नोटीस, एडी कार्ड. मोबाईलवरच्या फोटोंसाठी ६५-बीचं सर्टिफिकेट (जुन्या साक्ष कायद्यातलं, फोटो खरे आहेत असं लिहून द्यायचं) जोडलं, आता १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष कायद्यात ते कलम ६३ झालंय. सामनेवाले (म्हणजे ज्यांच्यावर तक्रार ते) दोघेही केले, शोरूम आणि कंपनी. माझ्या मते अख्ख्या प्रकरणात हाच एक शहाणपणा आम्ही केला, एकालाच धरलं असतं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा झाला असता.

२७ मेला आयोगाच्या ऑनलाइन पोर्टलवर, ई-दाखिलवर, भरलं (आता त्याच्या जागी ई-जागृती आहे), पीडीएफ मोठी होते म्हणून तीनदा परत आली, मोबाईलवर स्कॅन करताना रंगीत नको, काळं-पांढरं करा. कागदाचे सेट पण द्यावे लागले, आयोगाला, प्रत्येक सामनेवाल्याला आणि आपल्याला एक. पानांना नंबर हातानेच घातले, १ ते ६८, सासूबाईंनी तपासले, त्यांनी ४१ दोनदा पडलाय म्हणून पकडलं.

२१ जूनला पहिली तारीख. मागच्या बाकावर बसले होते, कुणीतरी "दूरुदाररू, दूरुदाररू" म्हणून पुकारत होतं, मी आपली शांत. शेजारच्या बाईंनी कोपर मारलं, "ओ ताई, तुम्हालाच बोलवाय लागलेत." दूरु म्हणजे तक्रार, दूरुदार म्हणजे मी. धडपडत उठले, दोन प्रश्न विचारले, मी अर्ध्या कन्नडात अर्ध्या इंग्रजीत उत्तरं दिली, दाखल करून घेतलं, नोटीस काढली. सगळं मिळून चार मिनिटं, आणि मी आदल्या रात्री उलटी होईल इतकी घाबरलेली. बाहेर क्लार्कने मराठीतच पुढची तारीख समजावून सांगितली.

नोटीस मिळाल्यापासून सामनेवाल्याला म्हणणं द्यायला ३० दिवस, फार तर अजून १५. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय की ४५ च्या पुढे एक दिवस पण नाही. कंपनीच्या वकिलांनी ४३व्या दिवशी दिलं. त्यात ती माझ्या सहीची पावती होतीच. मी उत्तरात पावतीवरची वेळ आणि त्याच दिवशी सकाळी साडेसहाचा फोटो शेजारी शेजारी लावला, ४ ऑक्टोबरचा. नशीब एवढंच की फोटोंचा नेम जरी नंतर सुरू झाला तरी त्या दिवशी माणूस येणार म्हणून मी सकाळी एक काढून ठेवला होता.

मधल्या तारखांचं सांगण्यासारखं काही नाही. जायचं, बसायचं, पुढची तारीख घ्यायची. पाण्याची बाटली न्या, आणि अर्धा दिवस रजा टाका, तासाची नको.

नोव्हेंबरमध्ये मध्यस्थीचा पर्याय विचारला, दोन्ही बाजू हो म्हणाल्या. तिथं पहिल्यांदा शोरूमवाला आणि कंपनीचा माणूस एका टेबलावर बसले आणि आमच्यापेक्षा जास्त ते एकमेकांशी भांडले. कंपनी म्हणाली दोन काचा देतो. नवरा म्हणाला पाचही खिडक्यांत पॅकर नाहीत, उरलेल्या तीन कधी जातील ते फक्त पावसाला माहीत. मी अर्जात पंचवीस हजार मानसिक त्रासाचे आणि दहा हजार खर्चाचे मागितले होते. जानेवारी २०२५ मध्ये ठरलं ते असं, पाचही काचा कंपनीच्या, बसवणं आणि चौकटी दुरुस्त करणं शोरूमचं, नवीन पाच वर्षांची वॉरंटी बसवल्याच्या तारखेपासून, आणि आठ हजार रुपये. पंचवीस सोडून आठवर का आलीस म्हणून भाऊ अजून बोलतो. मला तोवर तारखांचा कंटाळा आला होता आणि खिडकी पाहिजे होती, एवढंच.

खर्च म्हणाल तर काकांचे १५००, झेरॉक्स ६२०, स्टॅम्प आणि नोटरी साडेतीनशे, पोस्ट, रिक्षा असं सगळं मिळून साडेतीन हजाराच्या आत बसलं. रजा धरल्या नाहीत.

फेब्रुवारीत काचा आल्या, चार बसल्या, पाचवी दहा एमएमने मोठी! परत १९ दिवस, तोपर्यंत त्या खिडकीला प्लायवूड. या वेळी नवरा रजा काढून घरीच थांबला, प्रत्येक काच ठेवायच्या आधी पॅकर मोजले, भोकं पडली की त्यात मग्याने पाणी ओतून बाहेर येतंय का बघितलं, ती पोरं वैतागली असणार. काचवाले काका पण आले होते, पैसे घेतले नाहीत, कुंदा मात्र घेतला. एप्रिलमध्ये काम पूर्ण झाल्याचा कागद आयोगात दिला आणि प्रकरण बंद झालं.

त्या वर्षी, २०२५ ला, मेमध्येच पाऊस सुरू झाला. पहिल्याच मोठ्या सरीला नवरा छत्री घेऊन बाहेर पश्चिमेच्या भिंतीला जाऊन उभा, मी आतून काच सरकवून विचारलं काय झालं, तर चौकटीखालच्या भोकांकडे बोट दाखवून म्हणाला, "गळतंय बघ, सगळी गळतायत." सासूबाई आतून ओरडल्या, "परत गळाय लागलं?" त्यांना हे चांगलं गळणं आहे हे समजवण्यात आमची ती संध्याकाळ गेली. त्यांनी एक लुगडं खाली अंथरूनच ठेवलं, रात्री बघितलं तर कोरडं होतं.